ग्रीन कार्डाची मुदत संपली, नवं अजून आलं नाही: तोवर काय दाखवायचं?

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून आधी तो थोडक्यात मांडतो. तुम्ही न्यू जर्सीत राहता. तुमचं आणि पत्नीचं दहा वर्षांचं ग्रीन कार्ड एकाच महिन्यात संपलं. दोघांचे आय-९० (ग्रीन कार्ड नवं करून घेण्याचे अर्ज) वेळेत ऑनलाइन भरले, पैसे कापले गेले, नोटीस आली. कार्डाचा मात्र पत्ता नाही. पत्नी नव्या नोकरीवर रुजू होणार आहेत आणि तिथल्या एचआरबाई म्हणतात, नवं कार्ड आणा, मग बघू. तुमचं लायसन्स संपत आलंय आणि मोटर व्हेईकलच्या खिडकीवरून तुम्हाला परत पाठवलंय. डिसेंबरात पुण्याला लग्नाला जायचंय. आणि सासूबाई सात महिन्यांपासून कोथरूडला आहेत, त्यांचंही दहा वर्षांचं कार्ड तिकडे असतानाच संपलं, आणि त्यांचा आय-९० कुणी भरलेलाच नाही.

वरवर पाहता चारही ठिकाणी अडलंय ते एकाच कार्डावाचून. पण प्रत्येक खिडकीवरचा माणूस वेगळी गोष्ट विचारतोय. एचआरला बघायचंय तुम्हाला काम करता येतं का. मोटर व्हेईकलवाल्याला त्याच्या संगणकातून होकार हवाय. विमान कंपनीला भीती आहे ती दंडाची, कारण कागदपत्रं नसलेला प्रवासी अमेरिकेत आणला तर भुर्दंड कंपनीला बसतो. आणि नेवार्क विमानतळावर उतरल्यावर खिडकीतला अधिकारी विचारणार, तुम्ही खरंच इथे राहता का. एकच कागद चारही ठिकाणी पुढे केला की कुठेतरी अडायचंच. माझ्याकडे येणाऱ्या फायलींपैकी निम्म्या अशाच असतात: कागद असतो, पण चुकीच्या खिडकीवर दाखवलेला.

आधी धास्ती काढून टाका. कार्ड संपलं म्हणून कायम रहिवास संपत नाही. तो संपतो मुख्यतः तीन वाटांनी: तुम्ही नागरिक झालात तर, तुम्ही अमेरिकेतलं राहणं सोडून दिलंत असं ठरलं तर, किंवा इमिग्रेशन न्यायाधीशाचा देशाबाहेर काढण्याचा अंतिम आदेश निघाला तर. कार्डावरची तारीख ही त्या कार्डाची तारीख. लग्नावरून मिळालेल्या दोन वर्षांच्या सशर्त कार्डाचं मात्र असं नाही. तिथे अट काढून टाकण्याचा अर्ज, आय-७५१, मुदतीत भरला नाही तर दर्जाच जातो, त्यामुळे खालचं सगळं दहा वर्षांच्या कार्डाबद्दलच आहे असं समजा.

दर्जा राहतो, पण पुरावा जवळ बाळगण्याचं बंधनही राहतं. अठरा वर्षांवरच्या प्रत्येक कायम रहिवाशाने नोंदणीचा पुरावा कायम जवळ ठेवावा असं इमिग्रेशन कायद्यातच लिहिलंय, आणि न ठेवल्यास दंड किंवा तीस दिवसांपर्यंत कैद अशी शिक्षाही त्याच कलमात आहे. पूर्वी हे कुणी फारसं मनावर घेत नसे. आता घ्या. जुनं कार्ड "आता काय कामाचं" म्हणून कपाटात टाकू नका आणि कात्रीने तर मुळीच कापू नका. नव्या कार्डाचं पाकीट हातात पडेपर्यंत जुन्या कार्डाचं काम संपलेलं नसतं.

आता ती नोटीस. आय-९० भरल्यावर यूएससीआयएसकडून (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडून) आय-७९७ नावाचं पत्र येतं. त्यात एक परिच्छेद असतो: हे पत्र आणि मुदत संपलेलं कार्ड मिळून तुमच्या कायम रहिवासाचा पुरावा आहे, आणि कार्डाची मुदत ३६ महिन्यांनी वाढवली आहे. पत्र आणि कार्ड दोन्ही मिळून. नुसतं पत्र पुरत नाही, नुसतं कार्डही नाही. ३६ महिने मोजायचे ते कार्डाच्या दर्शनी बाजूवरच्या तारखेपासून, पत्राच्या तारखेपासून नव्हे. कार्डावर १४ ऑगस्ट २०२५ असेल तर मुदत १४ ऑगस्ट २०२८ पर्यंत. पत्र जूनमध्ये आलं की सप्टेंबरात, त्याने काही बदलत नाही. याचाच उलटा अर्थ असा की ज्यांचं कार्ड संपून तीन वर्षं उलटलीत आणि ज्यांनी आत्ता कुठे अर्ज केला, त्यांना या मुदतवाढीचा काही उपयोग नाही. त्यांनी थेट खालच्या शिक्क्याच्या भागाकडे जावं.

घरी दोन-तीन पत्रं येतात आणि लोक हमखास चुकीचं उचलतात. बोटांच्या ठशांसाठी बोलावणारं पत्रही दिसायला तसंच असतं, वर तसंच शीर्षक, तसाच पावती क्रमांक. त्यावर मुदतवाढीचं वाक्य नसतं. काउंटरवर जाण्याआधी ते वाक्य असलेलं पत्र शोधा आणि त्या वाक्याखाली पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवा. समोरच्या माणसाला अख्खं पत्र वाचायला वेळ नसतो.

खिडकीवरची माणसं गोंधळतात त्याला कारणही आहे. पूर्वी ठसे द्यायला गेल्यावर कार्डाच्या मागे स्टिकर लावून मिळायचा. २०२१ च्या जानेवारीपासून स्टिकर बंद होऊन पत्रच पुरावा झालं, तेव्हा वाढ बारा महिन्यांची होती. सप्टेंबर २०२२ मध्ये ती २४ महिने झाली आणि १० सप्टेंबर २०२४ पासून ३६. ज्या कारकुनाने शेवटचं प्रशिक्षण तीन वर्षांपूर्वी घेतलंय त्याच्या डोक्यात २४ बसलेलं असतं. त्याच्याशी वाद घालू नका. यूएससीआयएसच्या संकेतस्थळावरचं ३६ महिन्यांच्या घोषणेचं पान छापून सोबत ठेवा आणि शांतपणे पुढे सरकवा.

पत्नीच्या एचआरचं काम सगळ्यात सोपं आहे, फक्त बाईंना ते माहीत नाही. नव्या नोकरीत काम करण्याचा हक्क तपासणारा आय-९ फॉर्म भरताना कोणता कागद दाखवायचा हे कर्मचारी ठरवतो, मालक नाही. स्वीकारार्ह कागदांची यादी फॉर्मसोबतच असते. त्यातून पत्नीने एक ओळखपत्र आणि एक काम करण्याच्या हक्काचा पुरावा निवडला की झालं. राज्याचं चालू लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्ड, बस्स. ग्रीन कार्ड काढायचीच गरज नाही. एचआरने "नाही, ग्रीन कार्डच हवं" म्हणून अडून बसणं हा भेदभाव ठरू शकतो, आणि त्यासाठी न्याय खात्यात खास विभाग आहे: इमिग्रंट अँड एम्प्लॉयी राइट्स सेक्शन. त्यांची हेल्पलाइन आहे, नाव न सांगताही विचारता येतं. बहुतेक वेळा तिथवर जावं लागत नाही; एचआरला त्यांच्याच आय-९ मार्गदर्शिकेची आठवण करून दिली की सूर बदलतो.

एक खोच मात्र आहे आणि आपल्या लोकांना ती नेमकी नडते. एच-वनबी वर आलो तेव्हा काढलेल्या सोशल सिक्युरिटी कार्डावर एक ओळ छापलेली असते की हे कार्ड सरकारी परवानगीसोबतच कामासाठी वैध आहे. ग्रीन कार्ड मिळून दहा वर्षं झाली तरी ते जुनंच कार्ड लोक जपून ठेवतात. ती ओळ असलेलं कार्ड आय-९ साठी चालत नाही. पत्नीचं कार्ड काढून बघा. ओळ असेल तर सोशल सिक्युरिटी ऑफिसात जाऊन बिनाओळीचं कार्ड मागा. त्याला पैसे पडत नाहीत. तेवढा वेळ नसेल तर जुनं ग्रीन कार्ड आणि नोटीस ही जोडी द्या, तीही चालते.

तुमची स्वतःची सध्याची नोकरी? तिथे काहीच करायचं नाही. रुजू होताना ग्रीन कार्ड दाखवलं असेल तर ते संपलं म्हणून मालकाने पुन्हा कागद मागायचे नसतात. मागितले तर वरचंच उत्तर.

लायसन्सची गोष्ट मात्र किचकट आहे, कारण तिथे निर्णय माणसाचा नसून यंत्राचा. मोटर व्हेईकलवाले तुमचा एलियन नंबर (ग्रीन कार्डावरचा इमिग्रेशन क्रमांक) केंद्र सरकारच्या सेव्ह नावाच्या यंत्रणेत टाकतात. जुळलं तर काही सेकंदांत होकार येतो. नाही जुळलं तर प्रकरण हाताने तपासणीला जातं आणि त्याला दिवस लागतात, कधी आठवडे. या मधल्या काळात तुम्हाला "परत या" सांगतात, पण का ते सांगत नाहीत. विचारायचा प्रश्न असा: सेव्हमध्ये माझं प्रकरण पुढच्या तपासणीला पाठवलं का, आणि त्याचा क्रमांक काय? तो क्रमांक मिळाला की सेव्हच्या केसचेक पानावर घरबसल्या बघता येतं. उत्तर आलेलं दिसलं की त्याच दिवशी पुन्हा जा. न मागता कुणी हा क्रमांक देत नाही.

जुळत नाही याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे नाव. पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र, कार्डावर मधलं नाव वेगळं पडलेलं, लायसन्सवर नुसतं आद्याक्षर, आणि लग्नानंतर बदललेलं आडनाव एका ठिकाणी आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, यंत्राला ही तीन वेगळी माणसं दिसतात. काउंटरवर नाव कार्डावर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर टाकायला सांगा. विवाह नोंदणीचा दाखला सोबत असू द्या. आणि कार्डावरचं नाव यूएससीआयएसच्याच चुकीने बिघडलं असेल तर त्या कारणासाठीच्या आय-९० ला शुल्क नसतं. नूतनीकरणाचं कारण निवडून उगाच पैसे भरणारे पुष्कळ पाहिलेत.

रियल आयडी, म्हणजे देशांतर्गत विमानालाही चालणारं केंद्राच्या निकषांचं लायसन्स, हवं असेल तर आणखी एक अडथळा येतो. त्याचे नियम चालू, न संपलेल्या कागदांभोवती लिहिलेत आणि मुदतवाढीचं पत्र कुठल्या राज्याची कुठली कचेरी किती सहज मान्य करेल हे सारखं नसतं. तुमचं लायसन्स संपायला थोडेच दिवस उरले असतील तर माझा सल्ला: रियल आयडीचा हट्ट सोडा, साधं लायसन्स नूतनीकरण करून घ्या. ७ मे २०२५ पासून देशांतर्गत विमानासाठी रियल आयडी लागतं हे खरं, पण भारतीय पासपोर्टही तिथे चालतो. गाडी चालवणं थांबू नये हे जास्त महत्त्वाचं. नवं कार्ड आलं की रियल आयडी घ्या.

आता डिसेंबरचा प्रवास. तुम्ही दोघं जाऊ शकता. मूळ कार्ड, मूळ नोटीस आणि चालू भारतीय पासपोर्ट एवढं हाताशी हवं. "मूळ" यावर जोर देतोय. ऑनलाइन खात्यात नोटिशीची पीडीएफ असते आणि फोनवर ती दाखवता येते हे मलाही माहीत आहे. पण मुंबईत मध्यरात्री दोन वाजता चेक-इन काउंटरवर टपालाने आलेल्या कागदाचं वजन वेगळं असतं. मूळ हाताशी ठेवा, प्रत दुसऱ्या बॅगेत, पीडीएफ फोनमध्ये.

जाताना नेवार्कला कुणी फारसं विचारणार नाही. प्रश्न येतो परतताना. विमान कंपनीच्या ॲपमध्ये कार्डाची मुदत टाकायला गेलात की बहुधा गाडी अडेल, कारण मागची तारीख ते घेत नाही. तिथे डोकं फोडू नका, वाढीव तारीख ठोकून देण्याचा उद्योगही नको. सरळ काउंटर गाठा, आणि नेहमीपेक्षा तासभर आधी. काउंटरवरचा मुलगा टिमॅटिक नावाच्या प्रणालीत नियम बघतो. तो चाचरला तर पर्यवेक्षकाला बोलवायला सांगा आणि एक वाक्य सांगा: सीबीपीच्या (सीमा तपासणी खात्याच्या) कॅरियर इन्फर्मेशन गाइडमध्ये मुदत संपलेल्या कार्डाबद्दल लिहिलंय, ते बघा, नाहीतर कॅरियर लिएझन ग्रुपला फोन करा. हा गट खास विमान कंपन्यांच्या अशाच शंकांसाठी आहे. तुम्ही स्वतः फोन करून उपयोग नाही, पण तो आहे हे तुम्हाला ठाऊक आहे एवढ्यानेही काउंटरवरचं बोलणं बदलतं.

तिकीट काढताना एक गोष्ट बघा, जी ट्रॅव्हल एजंट सांगत नाहीत. ३६ महिन्यांची वाढ अमेरिकेने दिलीय. ती मानण्याचं बंधन तिसऱ्या देशावर नाही. भारतीय पासपोर्टवर काही युरोपीय विमानतळांवर नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो, आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळणारी सूट चालू कार्डावर बेतलेली असते. दुबईत उतरून चार दिवस फिरायचा बेत असेल तर तिथे भारतीयांना ग्रीन कार्डावर मिळणाऱ्या आगमन व्हिसासाठी कार्डाची किमान सहा महिने मुदत शिल्लक लागते, पत्र दाखवून काम होईल या भरवशावर राहू नका. या वर्षी मुंबई–नेवार्क थेट विमान घ्या. शंभर-दोनशे डॉलर जास्त पडले तरी चालेल.

सासूबाईंचा प्रश्न मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो, आणि तो कार्ड संपल्यामुळे नाही. तुम्ही सगळे कार्डावरच्या तारखेकडे बघताय. बघायला हवी ती त्या नेवार्कहून विमानात बसल्या ती तारीख. बाहेर राहून वर्ष पूर्ण झालं की ग्रीन कार्ड प्रवेशाचा कागद म्हणून चालत नाही, मग ते चालू असो वा संपलेलं. नंतर उरते ती वकिलातीतून परतणाऱ्या रहिवाशाच्या एसबी-१ व्हिसाची वाट, आणि तिथे तुमच्या हाताबाहेरच्या कारणामुळे अडकलात हे पटवून द्यावं लागतं. "नातवाची मुंज होती, मग गुडघ्याचं ऑपरेशन, मग पावसाळा" यातलं ऑपरेशन चालेल, बाकीचं नाही. सात महिने झालेत. पाच आहेत. त्यातले तीन वापरूच नका.

त्यांचा आय-९० इथून तुम्ही त्यांच्या नावाने भरून टाकू नका. फॉर्मच्या सूचनांप्रमाणे बाहेर असलेल्या माणसाने परत आल्यावर भरायचा असतो, आणि ठसे द्यायला त्यांना इथे असावंच लागतं. मग त्या परत कशा येणार? दहा वर्षांच्या मुदतीचं कार्ड संपलेलं असेल तर विमान कंपनी त्या कार्डावर प्रवाशाला घेऊ शकते, त्यासाठी वेगळा कागद लागत नाही. यूएससीआयएसनेही आय-१३१ए च्या (परदेशात कार्डावाचून अडकलेल्या रहिवाशाने विमानात बसायचा कागद मागण्याच्या अर्जाच्या) पानावर हेच म्हटलंय. पण "घेऊ शकते" आणि "घ्यायलाच हवं" यात फरक आहे. म्हणून तिकीट काढण्याआधी कंपनीला ईमेल करा, उत्तर लेखी घ्या, ते छापून सासूबाईंच्या पर्समध्ये ठेवा.

कंपनी नाही म्हणाली किंवा कार्डच हरवलं असेल तर आय-१३१ए. शुल्क ५७५ डॉलर, आधी ऑनलाइन भरायचं आणि मग अपॉइंटमेंट घेऊन मुंबईत बीकेसीच्या वकिलातीत स्वतः जायचं. पासपोर्ट, कार्डाची प्रत, गेल्याची तारीख दाखवणारं तिकीट किंवा शिक्का, फोटो, पैसे भरल्याची पावती. पुण्याहून जाणार असाल तर आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम करा, सकाळच्या एक्सप्रेसवेवर भरवसा ठेवू नका. मिळणारा कागद पासपोर्टात चिकटवलेला असतो आणि थोड्याच दिवसांसाठी वैध असतो, तेव्हा तिकिटाची तारीख त्याच्याशी जुळवा.

नेवार्कला त्यांना जास्त प्रश्न विचारतील हे धरून चाला. १८० दिवसांपेक्षा जास्त काळ सलग बाहेर राहिलेल्या रहिवाशाला कायदा नव्याने प्रवेश मागणारा धरतो. इंग्रजीची अडचण असेल तर दुभाषा मागता येतो, मराठी सांगायचं. न कळता मान डोलावण्यापेक्षा ते बरं. इथला आयकर परतावा, राज्याचं ओळखपत्र, मेडिकलची कार्डं, डॉक्टरांच्या पुढच्या भेटीची तारीख, गेल्याचं कारण सांगणारे ऑपरेशनचे कागद, हे एका पारदर्शक फोल्डरात द्या. आणि त्यांना फोनवर नाही, समोरासमोर बसल्यासारखं व्हिडिओवर नीट समजावून सांगा: आय-४०७ नावाचा फॉर्म पुढे केला तर सही करायची नाही. ग्रीन कार्ड आपणहून सोडत असल्याचा तो फॉर्म आहे. दमलेली, बावरलेली म्हातारी माणसं "सही केली की घरी जाता येईल" या समजुतीने सही करून मोकळी होतात. सही करणं ऐच्छिक आहे. नकार दिला तर प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशापुढे जातं, आणि तोवर दर्जा कायम असतो. "मला न्यायाधीशासमोर म्हणणं मांडायचंय" एवढं वाक्य त्यांच्याकडून पाठ करून घ्या.

आता शिक्का. आय-५५१ चा शिक्का, ज्याला आत बाहेर सगळे एडिट स्टॅम्प म्हणतात, तो पासपोर्टवर मारलेला तात्पुरता ग्रीन कार्डच असतो, जास्तीत जास्त वर्षभरासाठी. तुम्हा दोघांना तो सध्या लागणार नाही. पण कार्ड हरवलंय, चोरीला गेलंय, ३६ महिन्यांची वाढही संपलीय किंवा नोटीसच पोचली नाही, अशांना दुसरा मार्ग नाही, कारण हरवलेल्या कार्डाच्या अर्जाची नुसती पावती पुरावा ठरत नाही. तिच्यासोबत दाखवायला कार्डच नसतं. यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर प्रत्यक्ष भेटीची विनंती करायचा फॉर्म आहे, किंवा संपर्क केंद्राला फोन. कारण नेमकं सांगा: अमुक तारखेचं तिकीट, अमुक तारखेला रुजू व्हायचंय. "असावं म्हणून हवंय" म्हणणाऱ्याला मागच्या रांगेत टाकतात.

२०२३ पासून ते काही जणांना भेटीला न बोलावता शिक्का आणि फोटो असलेला आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीचा कागद) टपालानेच पाठवतात. इथल्या इथे वापरायला तो उत्तम. परदेश प्रवास असेल तर मी मात्र पासपोर्टावरच शिक्का मागून घ्या असं सांगतो. सुटा कागद बघून काउंटरवर पुन्हा तीच रामकहाणी सुरू होते. आणि पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर आधी पासपोर्ट नवा करा, मग शिक्का घ्या. उलट केलंत तर शिक्का रद्द झालेल्या पासपोर्टात अडकतो आणि दोन पासपोर्ट घेऊन फिरावं लागतं. पासपोर्ट नूतनीकरणाला पाठवलेला असताना हातात फोटोचं दुसरं ओळखपत्र नाही, अशी वेळही येऊ देऊ नका. तुमचं लायसन्स आत्ता त्याच टप्प्यावर आहे.

तुम्ही जाता जाता विचारलंय की आय-९० ऐवजी थेट नागरिकत्वाचा अर्ज केला असता तर? चाललं असतं. डिसेंबर २०२२ पासून एन-४०० ची, म्हणजे नागरिकत्वाच्या अर्जाची, पावतीही ग्रीन कार्डाला २४ महिन्यांची वाढ देते, वेगळा आय-९० लागत नाही. १ एप्रिल २०२४ च्या दरांनुसार ऑनलाइन आय-९० ४१५ डॉलर आणि ऑनलाइन एन-४०० ७१० डॉलर. कागदावर भरलं तर दोन्हीला पन्नास जास्त. भरायच्या दिवशी दर पुन्हा बघा. भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) घ्यायची मनाची तयारी आहे का, हा घरचा प्रश्न आहे, त्यात मी पडत नाही. फक्त कुणाच्याही नावावर जुनी अटक, दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला, दुकानातल्या चोरीचा आरोप असं काही असेल, अगदी मिटलेलं असलं तरी, तर आय-९० असो वा एन-४००, बटण दाबण्याआधी वकिलाला कागद दाखवा. दोन्हीत ठशांवरून जुनी नोंद वर येते, आणि मग चर्चा कार्डाची राहत नाही.

शेवटचं टपालाचं. वाट बघताना घर बदललं तर दहा दिवसांत एआर-११ भरून यूएससीआयएसला कळवायचं असतं. टपाल खात्याला पत्ता बदलल्याचं सांगितलं म्हणजे झालं असं नाही, सरकारी पाकिटं नेहमी पुढे पाठवली जात नाहीत. सासूबाई येऊन त्यांचा आय-९० भराल तेव्हा त्यांचं आडनाव तुमच्या मेलबॉक्सवर आतल्या बाजूला चिकटवा. तुमच्या आडनावाच्या पेटीत दुसऱ्याच आडनावाचं पाकीट बघून पोस्टमन ते परत पाठवतो, कार्ड फिरून यूएससीआयएसकडे जातं, आणि तुमच्या खात्यात मात्र "कार्ड पाठवलं" असं दिसत राहतं. तसं झालंच तर त्यांच्या ई-रिक्वेस्टमध्ये कार्ड न मिळाल्याची नोंद लगेच करा आणि कार्ड परत आल्याचा टपालाचा ट्रॅकिंग क्रमांक जपून ठेवा. तो असेल तर पुन्हा शुल्क भरायची वेळ सहसा येत नाही.